रुक्सारचा मुराळी

म्हसवड, २३ नोव्हेंबर

आये,

पत्राच्या वरच्या कोपऱ्यात काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं तेव्हा मी बहुतेक मेंढरांमागं होतो. म्हणून नुसतं आये.

रथ झाला. अजून नाक शिंकरलं की गुलाल येतो. चांदसाहेब मालकांनी यंदा आकाशपाळणा नदीच्या अंगाला लावला. गर्दी सुरू व्हायच्या आधी पाळणा रिकामा फिरवून बघावा लागतो, तेव्हा मी वर बसतो. वरून आपली वस्ती दिसते का बघितलं. मधे टेकाड येतं. बरं झालं. काकाच्या घरावर नवे पत्रे पडलेत म्हणे. बांधावरच्या त्या मारामारीत सगळ्यांच्याच हातात काठ्या होत्या, थोरला चुलता गेला, आणि कोर्टानं धरली ती फक्त तुझी काठी. जाऊ दे. ते लिहायला बसलो तर पाळणा कोण फिरवणार.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे संस्थेच्या राजनंदिनीताईंनी त्याचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवला. तू फोनवर बोलत नाहीस. तुरुंगातून फोन करायचीस तेव्हा मिनिटं संपून मधेच कट व्हायचा, त्याची धास्ती बसली म्हणतेस. म्हणून मी आपला कागदावर लिहून पोस्टात टाकतो. त्याची तक्रार नाही. तक्रार अक्षराची आहे. तुला लिहिता येत नाही, हे अक्षर रुक्सारचं. अक्षर गोल, ओळ सरळ, काना-मात्रा जागच्या जागी. मी फोटो मोठा करकरून बघितला. आणि त्या सरळ ओळींत ‘रुक्सार म्हणते’ हे इतक्या वेळा आलंय की पत्र तुझं आहे का तिचं तेच मला कळेना. रुक्सार म्हणते गार पाणी पिऊ नको. रुक्सार म्हणते धुळाला स्वेटर आहे का विचार. माझ्या स्वेटरची ती कोण?

तुम्ही दोघी आत एका बराकीत होता, मान्य. ती आधी सुटली, सांगलीत विश्रामबागला संस्थेच्या घरात आली, आणि गेल्या मार्चमध्ये तू सुटलीस तेव्हा ताईंबरोबर गेटवर तीच उभी होती. मी निपाणीवरून दोन गाड्या बदलून पोचलो तोवर तुझी आंघोळ झालेली. तिनं आणलेलं लुगडं नेसून तू चहा पीत बसलेलीस. माझ्या पिशवीत भाकरी होती. घरात पाऊल टाकायच्या आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, तो मी टाकायचा होता. तो तिनं टाकलेला. मग ती भाकरी मी स्टँडवर चटणीबरोबर खाल्ली. चटणी बरी होती.

आता कामाचं. साताऱ्यात गोडोलीला एक खोली बघून ठेवली आहे. माडीवर आहे, पण नळ आत आहे. संस्थेच्या घरात वर्षभरच राहता येतं असं ताई म्हणाल्या, म्हणजे तुझं मार्चमध्ये संपतं. मार्चमध्ये तू खोलीवर ये. जत्रांचा हंगाम संपला की पावसाळाभर मी मोकळाच असतो. आपण दोघं राहू. तू आत गेलीस तेव्हापासून मी कधी या आत्याकडं, कधी त्या ट्रकवर, आणि आता पाळण्याबरोबर. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे बोलतात. टिकायला जागा तर पाहिजे.

हे पत्र तुला तीच वाचून दाखवणार. तर आये, ती वाचताना तिच्या तोंडाकडं बघत राहा. जिथं ती अडखळेल तिथं काहीतरी गाळलं समज.

तुझ्या पोटचा,
धुळा


पुसेगाव, २० डिसेंबर

आये,

बैलबाजारात फिरत बसलो आणि पाळण्याची वेळ चुकली. मालकांनी शिव्या घातल्या. पण बैल होताच तसा. पांढराशुभ्र खिलार, मालकाच्या हातानंच पेंड खायचा. दुसऱ्या कुणी हात पुढं केला की मान फिरवायचा. मीही हात पुढं करून बघितला. फिरवली. मला तो बैल लय आवडला. एवढं जनावर, पण त्याला कळतं आपलं कोण.

तुझं उत्तर वाचलं. गोडोलीच्या खोलीवर तू एवढंच सांगितलंस की बघू. आणि त्याच्या खालच्या ओळीत, विश्रामबागला कॉलेजच्या मागं दोन खोल्या आहेत, मालकीणबाई ताईंच्या शब्दावर द्यायला तयार आहे, रुक्सार आणि मी मिळून घ्यायचं म्हणतोय. मिळून. तुरुंगातून आलेल्या बाईला एकटीला कुणी खोली देत नाही, दोघी असल्या की भाडं पण वाटलं जातं, हे ताईंनी मला फोनवर समजावलं. मला समजलं. मी काय अडाणी नाही, नववीपर्यंत गेलोय. पण तुला खोली द्यायला मी तयार असताना तुला ‘कुणी देत नाही’ कसं?

तू आता गेटवर जातेस हे पण वाचलं. सुटणाऱ्या बाईला आणायला. तिला आधार कार्डाला न्यायचं, बँकेत न्यायचं, सिव्हिलला नेऊन रक्त तपासायचं, आणि ती घरी जायला निघाली की तिची ओटी भरायची, तिच्याबरोबर तिच्या सासरच्या दारापर्यंत जायचं. त्या सगळ्या बायकांचं माहेर झालीस म्हणे तू. ताईंनी फोनवर हे दोन-दोनदा सांगितलं. मी म्हणालो, चांगलं आहे. चांगलंच आहे. फक्त मला एक सांग, त्या कुणाकुणाची तू आई झालीस ते मला वाचून कळतं. माझी कधी होणार ते कुणीच लिहिलेलं नाही.

आणि शेवटी बारीक अक्षरात: कंबर दुखते, दवाखान्यात जाऊन आले, काळजी करू नको.

मी ताईंना विचारलं काय झालंय. त्या म्हणाल्या, “तिनं सांगितल्याशिवाय मी सांगणार नाही, धुळा. आमच्याकडं तसंच असतं.” बरं. मग रुक्सारला माहीत आहे का, असं विचारलं. ताईंनी जेवलास का विचारलं. म्हणजे आहे.

दुखणं तुझं, दवाखाना तिला माहीत, गोळी तिच्या हातात, आणि मला कंबर. रुक्सार, आता वाचताना थांबली असशील. थांबू नको. मी तुझ्यासाठीच लिहितोय ही ओळ. माझ्या आईला काय झालंय ते तुझ्या त्या गोल अक्षरात लिहून पाठव. तेवढं तरी कर माझ्यासाठी.

स्वेटर आहे.

धुळा


पाचगणी, १८ जानेवारी

आये,

पालची जत्रा संपली आणि पाळण्याचं एक बेअरिंग गेलं. मालक ते आणायला गेलेत. तोवर मी इथं स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरायला आलोय. काम सोपं आहे. मोठी वर मांडायची, बारकी खाली. लाल बाजू वर, पांढरी खाली. इथं शाळेची पोरं ओळीनं फिरायला येतात, सगळ्यांचे बूट सारखे. त्यांना आईबाप महिन्यातून एकदा भेटायला येतात. एका पोराला विचारलं, आई कवा येणार? रविवारी, म्हणाला. त्याला रविवार माहीत होता.

तर मी पण रविवार धरला. सांगलीला आलो होतो, आये. तुला कळवलं नाही. एक पेटी घेतली होती, वरची पण मोठी आणि खालची पण मोठी, माझ्या हातानं निवडलेली. म्हटलं समोरासमोर विचारतो काय दुखतंय ते.

संस्थेच्या घरी लीलाबाई होत्या, स्वयंपाक बघतात त्या. म्हणाल्या दोघी सिव्हिलला गेल्यात, सोनोग्राफीला रविवारचाच नंबर लागलाय, बस, येतील. मी ओसरीवर बसलो. लीलाबाईंनी पोहे दिले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, नाक डिट्टो आईचं हाय की रं. मला बरं वाटलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला रिक्षा थांबली.

तू उतरलीस. आधी एक पाय, मग दमलीस, मग दुसरा. ती दुसऱ्या बाजूनं पळत आली आणि तुझ्या बगलेत खांदा दिला. तू सगळं अंग तिच्यावर टाकलंस. मी उठलोच होतो. पण मग ती काहीतरी बोलली आणि तू हसलीस. खळखळून, तोंड वर करून. हसताना थांबलीस, पदराचं टोक घेतलंस आणि तिच्या गालावरचं काहीतरी पुसलंस. अंगठा लावून, जोरानं, कातडं निघेल असं. मला ते पुसणं माहीत आहे. मेंढरं वाड्यात घातली की तू मला धरून तसं पुसायचीस आणि मी ओरडायचो.

तुला तसं हसताना मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. आणि बघितलं ते दुसऱ्याचं.

मी मागच्या बोळानं निघालो. पेटी लीलाबाईंकडं आहे. त्यांना मी सांगितलंय की कुणी ठेवली ते सांगू नका. पण त्या सांगितल्याशिवाय राहणार नाहीत, तसं तोंड आहे त्यांचं. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. कराडपर्यंत काचेत माझंच तोंड दिसत होतं, म्हणून डोळे मिटून बसलो.

आता मला कंबरेचं सांगू नका. सोनोग्राफी कंबरेची करतात का ते मी इथल्या मुकादमाच्या बायकोला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, आईलाच विचार. सगळ्या बायका एक आहेत.

स्ट्रॉबेरी तिला पण द्या. मोठ्या नका देऊ.

धुळा


सांगली, सिव्हिलचा व्हरांडा, ६ फेब्रुवारी

आये,

तू आत, मी बाहेर, मधे दार आणि दारावर मावशी. मघाशी भेटायला सोडलं तेव्हा तू जे म्हणालीस त्यावर मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण. म्हणून हे लिहून आत पाठवतोय. कोण घेऊन येणार ते तुला माहीत आहे.

ताईंचा फोन आला तेव्हा आम्ही पाळणा उतरवत होतो. ताई म्हणाल्या, आईनं आता सांगायला परवानगी दिली. गर्भाशयाची पिशवी काढायची आहे, लय दिवस रक्त जात होतं, तुरुंगात असल्यापासून. अंगात रक्त राहिलेलं नाही, आधी रक्त चढवावं लागेल, मग ऑपरेशन. पाना माझ्या हातातच राहिला. मालकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, जा.

इथं आलो तर ही मावशी. “पुरुषांनी भायेर.” मी म्हणालो, मी पोरगा हाय तिचा. ती म्हणाली, “आन् त्या बाकीच्या खाटांवर निजल्यात त्या कुनाच्या कोन? त्यांनी लुगडं कुनाफुडं सावरायचं, तुझ्या?” बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. ज्यांच्या घरात बाई आहे त्यांची येते. सुटून आलेल्या बाईला कोण असणार? म्हणून संस्थेच्या घरातल्या बायकांनी पाळी लावली आहे, आज एकीला दुसरी, उद्या दुसरीला तिसरी. हे मला लीलाबाईंनी सांगितलं. तुझ्या खाटेजवळची पाळी मात्र एकटी रुक्सारच घेते. दुसरीला देत नाही. हे पण लीलाबाईंनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला जमली नाही. रक्तपेढीत तुझ्यासाठी रक्त द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. तिचं बोट टोचलं आणि म्हणाले, बाई, तुमच्यातच कमी आहे, तुम्ही काय देणार. माझं घेतलं. पिशवी भरली तशी मी तिच्याकडं बघितलं. ती खाली बघत होती. मला लय बरं वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

तुला आत नेलं तेव्हा आम्ही दोघं याच बाकड्यावर होतो, दोन टोकांना. मी चहा आणला, एकच. मग मी अर्धा दिला. बशीत ओतून. बशी हातात घेऊन ती म्हणाली, “तुजी समदी पत्रं मी वाचून दावली. एक शबुद गाळला न्हाई. माज्यावरचं हाय ते बी.”

मी म्हणालो, का नाही गाळलं?

“गाळलं आस्तं तर तिला कळलं आस्तं. तू सांगितल्यापास्नं ती कागदाकडं न्हाई, माज्या तोंडाकडं बघत बसती. आन् लय हसती. मोठ्या स्ट्रॉबेरी मीच खाल्ल्या, तिनं चारल्या.”

मी विचारलं, मग दुखणं का नाही लिहिलंस. तर म्हणाली, तिनं लिहिलं होतं. लिहून तुला वाचून दाखवलं की तू म्हणायचीस खोड, पोराला आईचं हे कसं सांगू. कागद फाडायचीस. शेवटी दोघींनी मिळून कंबर ठरवली.

यावर मला राग आला का नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की लिहितो.

आता तुझं म्हणणं. रुक्सारची लहान पोरगी रुक्सारच्या सासरी आहे, बेडगच्या पुढं. तिच्या नवऱ्यानं दुसरीकडं संसार मांडलाय, पोरगी आजीकडं वाढते. ती दोनदा बघायला गेली आणि दोनदा उंबऱ्यावरून माघारी आली. तिच्या भावाची बायको भाजून गेली, त्या केसमध्ये नणंद म्हणून हिलाही उचललं होतं. कोर्टानं हिला सोडलं. गावानं नाही सोडलं. तशी बाई एकटी दारात उभी राहिली तर तिला कुणी बस म्हणत नाही. पण माहेरचा मुराळी बरोबर असला, हातात शिदोरी असली, की त्याला तरी पाणी द्यावंच लागतं, आणि त्याला बसवलं की तिलाही बसवावं लागतं. दुसऱ्या बायांबरोबर तू जायचीस. आता तुला तीन महिने हंडासुद्धा उचलायचा नाही. तिचा सख्खा भाऊ अजून आत आहे.

आणि हाताला सलाईन लावलेलं असताना तू मला म्हणालीस, “साताऱ्याला येते मी, धुळा. पन आदी हिचा मुराळी हो.”

जगात एवढी माणसं आहेत, आये. कुणालाही पाठवलं असतंस.

पण तू येते म्हणालीस. शब्द दिलास. मी जातो, आणि मार्चमध्ये तू गोडोलीला येतेस. ठरलं. रुक्सार, हे नीट वाच आणि तिच्याकडून हो म्हणवून घे.

धुळा


मिरज स्टँड, २२ फेब्रुवारी

आये,

रुक्सार पलीकडच्या बाकावर बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. मी इथूनच जतकडं निघणार, मालकांनी पाळणा तिकडं नेलाय. तिची सांगलीची गाडी लागेपर्यंत लिहितो आणि तिच्याच हातात देतो. पाकीट नाही. वाटेत वाचलं तर वाचू दे.

तू सांगितलं होतंस की काय झालं ते सगळं लिही, ती तुला खरं सांगणार नाही. तर सगळं लिहितो.

शिदोरी लीलाबाईंनी बांधली होती. तळलेल्या गोड तेलच्या, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि हातच्या शेवया. चांदसाहेब मालकांनी त्यांचा इस्त्रीचा शर्ट दिला. मला जरा ढगळ होतो. म्हणाले, असल्या कामाला टी-शर्ट घालून जात्यात व्हय? वाटेत टेम्पोत एक बाई कोंबड्या घेऊन चढली होती, त्यातली एक सुटली आणि ती धरता धरता आमचा फाटाच मागं गेला. मग चालत गेलो. रुक्सार पुढं, शिदोरी घेऊन मी मागं. ती एवढ्या जोरात चालत होती की मला पळावं लागलं. दार दिसल्यावर मात्र ती माझ्या मागं आली.

सासू रशीदाबी दारातच तांदूळ निवडत होती. हिला बघून उठली आणि दाराला हात घातला. मग तिला मी दिसलो. मग शिदोरी दिसली. हात तिथंच थांबला.

“ह्यो कोन?”

मी म्हणालो, “मुराळी. हिचा भाऊ.”

“हिचा भाऊ आत हाय.”

“त्यो थोरला. मी धाकटा.”

नाव विचारलं. सांगितलं. म्हणाली, हे तर धनगराचं नाव. व्हय म्हटलं. आता ती दार लावणार हे मला दिसत होतं, आणि एवढ्या लांब येऊन खोटं काही सुचेना. म्हणून खरं सांगितलं.

“ह्या दोघी आत एका बराकीत हुत्या, आवं. माजी आई हिची आई झाली. मला कुनी इचारलं न्हाई.”

रशीदाबीनं दारावरचा हात काढला. मग म्हणाली, “हिची पोरगी सांभाळशील का म्हनून मला बी कुनी इचारलं न्हवतं.” आणि सतरंजी टाकली.

पाणी आलं, चहा आला. पोरगी आतून आली. नाजमीन. आईसारखी काळी-सावळी, पुढचे दोन दात पडलेले. ती सरळ चुलतीच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिला अम्मी म्हणाली. चुलती बरी बाई आहे, तिनं पोरीला दोनदा पुढं ढकलली. पोरगी गेली नाही. रुक्सार शिदोरीची गाठ सोडत होती. ती गाठ सुटेना. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, आये, आणि मला बघवेना. ते तोंड मला माहीत होतं. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या मांडीवर बघताना ते तसं होतं.

काहीतरी बोलावं म्हणून मी पाळण्याचं सांगितलं. वर गेल्यावर पोटात काय होतं, खालची माणसं केवढी दिसतात, एकदा एका पैलवानानं वर गेल्यावर आईच्या नावानं कशी बोंब मारली. पोरगी हळूहळू सरकत आली. मग माझ्या गुडघ्यावर येऊन बसली. रशीदाबी म्हणाली, मामा हाय तुझा. तर मामा, मामा करून तिनं माझी पाठ सोडली नाही. ढगळ शर्टाचं बटण तोडलं. पुन्हा कधी येणार विचारलं. आणि मी वर बघितलं तर रुक्सार माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं ती आता वाटी फेकून मारते.

म्हणून मी पोरीला म्हणालो, मामा एकटा येत नसतो. ह्या बाईनं आणलं तर येतो.

पोरीनं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. खालपासून वरपर्यंत. आणि म्हणाली, “मग परत आन ह्याला.”

तेवढंच. आईशी बोललेला पोरीचा पहिला शब्द तो, आणि तो पण माझ्यासाठी. रुक्सारनं मान हलवली.

निघताना रशीदाबी उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, मुराळी आला, शिदोरी आली, ते झालं. पण माहेर म्हणता तर हिचं माहेर आहे कुठं?

मी म्हणालो, “विश्रामबागला. कालिजाच्या मागं. माजी आई आसती तितं.”

तोंडातून गेलं. आधी गेलं आणि मग मला ऐकू आलं.

ती म्हणाली, “मंग उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी आजोळला येईल. मी सोता सोडाय येनार. आजी घरात दिसली पायजे. न्हाई दिसली तर त्याच गाडीनं माघारी.”

रुक्सार माझ्याकडं बघत होती. आपला सौदा तिला माहीत होता, तुला तिनंच तर वाचून दाखवला होता. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती, हात जोडले असते, रडली असती, तर मी कदाचित म्हणालो असतो की आईचं अजून नक्की नाही. पण ती नुसती बघत राहिली. तू माझं पत्र ऐकताना तिच्या तोंडाकडं काय बघत असशील ते मला तेव्हा कळलं.

“दिसंल,” मी म्हणालो.

येताना टेम्पोत ती एकच वाक्य बोलली. “माज्या पोरीनं आदी हात तुजा धरला.” आणि तोंड फिरवलं. मी समजूत काढली नाही. हा राग मला पाठ आहे, कुणी समजूत काढली की तो आणखी चढतो.

तर तू साताऱ्याला येऊ नकोस. जिना पण उभा आहे, तुला आता तसला चढायचा नाही. खोलीवाल्याला मी सांगतो. तुम्ही कॉलेजमागच्या खोल्या घ्या. ताईंना सांग लवकर बघा, उन्हाळ्याला काय वेळ लागत नाही. पोरीसाठी उंबऱ्याला काहीतरी आडवं लावून घ्या, गल्लीत रिक्षा लय जोरात येतात, मी बघितलंय. तिला गार दूध लागतं, गरम चालत नाही. आणि गेटवरून नवीन बाई आणलीस तर सुट्टी संपेपर्यंत तिला लीलाबाईंकडं ठेव, सगळ्यांनाच एकदम घरात घेऊ नको.

माझा राग गेला असं समजू नकोस. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो.

पाळणा बंद झाला की मीही येणार. कुणी कुठं झोपायचं ते आत्ताच सांगून ठेवतो, मागून वाद नको. आतल्या खोलीत त्या दोघी मायलेकी. बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तुझं अंथरूण, आणि त्याला लागून माझं. ती जागा सुट्टीत आलेल्या पोरीला पण द्यायची नाही. रडली तरी.

धुळा